कंपायलरमध्ये पॉइंटर आणि स्ट्रक्चर तपासताना या चुका टाळा

स्वतःचा सी कंपायलर लिहिणारे भेटले की "पॉइंटर झाले, स्ट्रक्चरही झालं, सगळ्या टेस्ट पास" हे हमखास ऐकायला मिळतं. टेस्ट उघडून बघावी तर स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे अनेक मेंबर एकत्र बांधलेल्या टाइपमध्ये, दोन इंट (पूर्णांक), आणि दोन्हींत शून्य. अहो, हात न लावलेल्या मेमरीतही बऱ्याचदा शून्यच सापडतं! प्रत्येक मेंबरला वेगळी, चटकन ओळखू येईल अशी किंमत द्या.

नुसते इंट घेतले की पॅडिंगचा, म्हणजे मेंबरच्या मधे किंवा शेवटी सोडाव्या लागणाऱ्या रिकाम्या बाइटचा, प्रश्नच येत नाही. मी कॅर (१ बाइट), इंट (४ बाइट), कॅर असं स्ट्रक्चर घेतो. ६४ बिटी लिनक्सवर त्याचा साइझऑफ (बाइटमधला आकार) १२ यायला हवा. ६ आला तर अलाइनमेंटच (मेंबर ठरावीक पटीतल्या पत्त्यावर बसवणं) केलेली नाही. ९ आला तर शेवटचं पॅडिंग राहिलं, म्हणजे अ‍ॅरेतल्या दुसऱ्या घटकापासून घोळ सुरू. पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्यांच्या) वजाबाकीलाही हेच वापरतो, कारण तिथे फरकाला घटकाच्या आकाराने भागावं लागतं. भागाकार टाळून शिफ्ट मारणारे (बिट सरकवून २, ४, ८ अशांनीच भागणारे) ८ बाइटला सुटतात, १२ला सापडतात.

आता माझी फजिती. स्ट्रक्चर परत करणारी फंक्शनं मी मनासारखी बसवली होती: पहिला मेंबर आरएएक्समध्ये, दुसरा आरडीएक्समध्ये (ही प्रोसेसरमधली रजिस्टरं, म्हणजे किंमती ठेवायच्या छोट्या जागा). टेस्ट हिरव्यागार. एकदा सहज लायब्ररीतलं डिव्ह फंक्शन बोलावलं, १७ भागिले ५. भागाकार ३, बरोबर. बाकी मात्र दर वेळी भलतीच. दोन रात्री मी मेंबरचे ऑफसेट (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनचं अंतर) तपासत बसलो, आणि ते सगळे बरोबर होते. डिव्ह दोन इंटचं, म्हणजे ८ बाइटचं स्ट्रक्चर परत करतं, आणि सिस्टिम व्ही एबीआयनुसार (फंक्शनांनी एकमेकांना किंमती कुठून द्यायच्या याचे लिनक्सवरचे नियम) ते अख्खं एकट्या आरएएक्समध्ये येतं: खालच्या ३२ बिटांत भागाकार, वरच्या ३२ बिटांत बाकी. मी आरडीएक्समधला कचरा वाचत होतो. माझ्या टेस्टमध्ये देणाराही माझा, घेणाराही माझा. दोघं मिळून तीच चूक करत होते, मग पकडणार कोण?

तेव्हापासून एक फाइल जीसीसी या प्रस्थापित कंपायलरने, दुसरी माझ्या कंपायलरने, मग अदलाबदल करून पुन्हा. इंट आणि डबल (दशांश संख्या) एकत्र असलेलं स्ट्रक्चर त्यात हवंच, कारण डबल एक्सएमएम० या वेगळ्या रजिस्टरमध्ये जातो. १६ बाइटपेक्षा मोठंही एक हवं. तिथे उत्तर ठेवायच्या जागेचा पत्ता गुपचूप आरडीआय रजिस्टरमधून येतो. "एबीआय नंतर वाचू" म्हणणाऱ्यांना मी आता समजावत नाही, डिव्ह चालवून दाखवायला सांगतो.

उत्तर मेनमधून रिटर्न करून एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) बघणं हा आणखी एक आळस. शेलला खालचे ८ बिटच दिसतात, २५६चा ० होतो. प्रिंट करा.

स्ट्रक्चर मेमसीएमपीने (बाइटन् बाइट ताडणारं फंक्शन) ताडू नका, पॅडिंगमध्ये काय पडलंय याची हमी नसते. आणि स्वतःच्याच टाइपचा पॉइंटर ठेवणारा लिंक्ड लिस्टचा नोड पहिल्याच दिवशी कंपाइल करून बघा. अर्धवट टाइप (व्याख्या पूर्ण व्हायच्या आधीच वापरलेला) सांभाळता येत नसेल तर पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, तिथेच कोलमडतो.