वणव्याचं सिम्युलेशन चुकतंय? आधी वारा तपासा : या चुका टाळा

संगणकावर सह्याद्रीतल्या गवताळ उतारावर वणवा पेटवून पाहिला आणि स्क्रीनवर तासाभरात अख्खी डोंगररांग जळून गेली, तर इंधनाचे, म्हणजे जळणाऱ्या गवत-झाडीचे, आकडे बदलत बसू नका. दहातल्या बऱ्याच वेळा दोष वाऱ्यात निघतो.

बहुतेक प्रारूपांच्या मुळाशी आग किती वेगाने पसरेल ते सांगणारं, अमेरिकी संशोधक रॉदरमेलचं १९७२चं सूत्र असतं. त्याला ज्वाळांच्या उंचीवरचा वारा लागतो. हवामान केंद्राचा आकडा असतो १० मीटर उंचीवरचा, तर अमेरिकी सॉफ्टवेअर २० फुटांवरचा धरतं. समजा, केंद्राने ताशी २० किलोमीटर सांगितला. १.१५ने भागल्यावर २० फुटांवर साधारण १७ उरतो. मोकळ्या गवतात त्याच्या ०.४ पट, म्हणजे ७च्या आसपास आणि दाट झाडीखाली ०.१ पट, म्हणजे २पेक्षाही कमी. फारसाइट हे वणव्याचं सॉफ्टवेअर ही घट झाडांच्या आच्छादनावरून स्वतःच करतं. कोड तुमचा असेल तर ती तुम्हाला करावी लागते. दोनदा केलीत तर आग जागच्या जागी रेंगाळेल.

दिशाही तपासा. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, पश्चिमेकडे जाणारा नव्हे. कोकणात दुपारी खारे वारे वाहत असताना आग समुद्राकडे पळताना दिसली, की चूक इथेच आहे समजा. आणि दिवसभराचा एकच सरासरी वारा देऊ नका. रात्री मतलई वारे सुटतात, आग दिशा बदलते. तासागणिक आकडे द्या.

आग पेटतच नसेल तर ओलावा बघा. स्कॉट आणि बर्गन यांच्या इंधन-नमुन्यांच्या २००५च्या संचात कोरड्या हवेतल्या गवताचे नमुने मृत इंधनाचा, म्हणजे वाळलेल्या गवत-काटक्यांचा, ओलावा १५ टक्क्यांवर गेला की विझतात. दमट हवेतल्या गवताचे नमुने ३० ते ४० टक्क्यांपर्यंत तग धरतात. आपल्या घाटाला कोणता नमुना जुळतो, ते रानात जाऊन, गवताची उंची मोजून ठरवा. नावं वाचून निवडू नका.

सगळीकडे उतार कड्यासारखा उभा दिसतोय? उंचीचा नकाशा अक्षांश-रेखांशात राहिलाय, म्हणजे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत, बदला, पश्चिम महाराष्ट्राला ४३वा विभाग, नागपूरला ४४वा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जाळरेषांची, म्हणजे आग अडवायला साफ करून ठेवलेल्या पट्ट्यांची. रॉदरमेलचं सूत्र फक्त जमिनीलगतची आग मोजतं. उडणाऱ्या ठिणग्या त्यात नाहीत. ठिणग्यांचा वेगळा भाग चालू केला नाही, तर पडद्यावर प्रत्येक जाळरेषा आग अडवते. ८ नोव्हेंबर २०१८ला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावावर वणवा आला, तेव्हा निखारे आगीच्या पुढे उडत जाऊन घरं पेटवत होते; ‘कॅम्प फायर’ नावाच्या त्या वणव्यात ८५ माणसं गेली. हातात झाडाच्या फांद्या घेऊन वणवा विझवणाऱ्यांना असा नकाशा दाखवू नका.

पडताळणी करतानाही जपा. आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस उपग्रह-संवेदकाचा नकाशावरचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आग लागल्याची नेमकी जागा नव्हे. तोच आरंभबिंदू धरला तर अरुंद डोंगरधारेवर आग पलीकडच्या उतारावरून सुरू होते.