पाण्यातून गेलेल्या टेम्पोचं डिफरन्शियल

मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून टेम्पो काढला आणि आठवड्यात मागून, डिफरन्शियलमधून (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), घुंऽ आवाज सुरू झाला. आधी वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, सोडवला. तो गंजून अडकला असेल तर खालून तेल काढून पंचाईत होते. तेल निघालं दुधाळ, कटिंग चहाच्या रंगाचं. ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची वाट, चिखलाने बुजला होता. मग तापलेलं हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लगच्या (तेल काढायचं खालचं बूच) चुंबकावर झिजलेल्या लोखंडाचा राखाडी लेप चालतो, तुकडे अजिबात नाही.

ब्रीदर साफ केला. आत उरलेलं पाणी धुऊन निघावं म्हणून ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेल भरून २० किलोमीटर चालवलं, तेही काढलं. मग नवं तेल, गाडी सपाटीवर ठेवून, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जास्त भरलं तर फेस होतो नि सील गळतं.