मॉडेलरचा आवाज टोचतोय? आधी दोन्ही टोकं कापा

गिटार मॉडेलर म्हणजे ॲम्प, स्पीकर आणि माइक यांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. त्यावर जुळवून साठवलेला आवाज, म्हणजे प्रीसेट, हेडफोनवर भरदार वाटतो, पण बँडबरोबर लावला की दोनपैकी एक होतं. एकतर गिटार माश्या घोंघावल्यासारखी चरचरते, नाहीतर बासच्या खाली गाडली जाते. मग ॲम्प बदलून पाहिला जातो, गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवला जातो, आयआरचे (स्पीकर आणि माइकच्या आवाजाची नोंद असलेल्या फाइल्सचे) गठ्ठेच्या गठ्ठे उतरवले जातात. दोष मात्र बहुतेक वेळा ॲम्पच्या ब्लॉकमध्ये (मॉडेलरच्या साखळीतल्या त्या घटकात) नसतोच. तो असतो सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पट्ट्यांत, जिथे गिटारचं मुळात फारसं काम नाही.

गिटार कॅबमधला (स्पीकरच्या पेटीतला) बारा इंची स्पीकर हा स्वतःच एक कडक फिल्टर आहे. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची छापील मर्यादा ७० ते ५००० हर्ट्झ आहे, आणि त्याच्या वर आवाज कड्यावरून घसरल्यासारखा उतरतो. त्यातून खोलीत आपण उभे असतो दोन-तीन मीटरवर आणि स्पीकर रोखलेला असतो आपल्या पोटऱ्यांकडे. उरलीसुरली धारही कानापर्यंत बोथट होऊनच पोहोचते. मॉडेलर हा आवाज देतच नाही. त्याच्या कॅब ब्लॉकमध्ये किंवा आयआरमध्ये असतो तो स्पीकरवरच्या कापडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवलेल्या माइकने ऐकलेला आवाज. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक इतका जवळ आला की खालचा पट्टा फुगवतो, आणि कोनच्या मध्यावर रोखला की वरची धार जास्तीची उचलतो. वर हे सगळं वाजतं २० किलोहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या मॉनिटरवर. स्टुडिओत हा आवाज कन्सोलवरच्या फिल्टरमधून गाळून मग मिक्समध्ये घेतला जातो. मॉडेलर घेतला की ते गाळण्याचं काम आपल्याकडे येतं.

नॉबला हात लावण्याआधी

ईक्यूने (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाने) झाकू नयेत अशा चार गोष्टी आधी तपासून घ्या. पहिली, इनपुट. सर्वात जोरात स्ट्रम केल्यावर इनपुटचा दिवा लाल होत असेल तर ती डिजिटल क्लिपिंगची करकर आहे, हाय कटने ती जात नाही. इनपुट पॅड लावा किंवा पातळी उतरवा. दुसरी, दोन कॅब एकावर एक. मॉडेलर खऱ्या गिटार ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये लावला असेल तर कॅब सिम्युलेशन (स्पीकरची नक्कल) बंद हवं. चालू राहिलं तर स्पीकरमधून पुन्हा स्पीकर वाजतो, आणि आवाज रजईखालून आल्यासारखा लागतो.

तिसरी गोष्ट माइकची जागा. कॅब ब्लॉकमध्ये माइक मध्यावरून कडेकडे सरकवता येत असेल तर आधी तो दोन-तीन सेंटिमीटर सरकवून ऐका. टोचणारी धार अशी जितकी नैसर्गिकपणे कमी होते, तितकी ईक्यूने होत नाही. दोन माइक किंवा दोन आयआर मिसळले असतील तर एक बंद करून पाहा. दोघांत एक मिलिसेकंदाचा फरक असेल आणि पातळी सारखी असेल, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ओळीने खड्डे पडतात. ते खड्डे ईक्यूने भरायला जाणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. उशीर जुळवा, नाहीतर एकच माइक ठेवा.

चौथी गोष्ट ऐकण्याची पातळी, आणि सगळ्यात जास्त प्रीसेट इथेच बिघडतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खालचे आणि खूप वरचे पट्टे कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात प्रीसेट बनवताना बास आणि ट्रेबल नकळत वाढवले जातात. स्टेजवर तेच दोन्ही पट्टे अंगावर येतात. शेवटची जुळणी ८५ ते ९० डेसिबलच्या आसपास करा, फोनवरचं मोजमापाचं ॲप तेवढ्यापुरतं चालतं. पण तुकड्यातुकड्यानं, मध्ये विश्रांती घेत. कान थकला की धार कमी वाटू लागते आणि हात आपोआप वरची धार वाढवणाऱ्या प्रेझेन्सच्या नॉबकडे जातो.

खालचं टोक

आधी नावांचा घोळ मिटवू. लो कट म्हणजे दिलेल्या आकड्याखालचं कापणारा फिल्टर. काही यंत्रांत त्यालाच हाय पास म्हणतात, कारण तो वरचं जाऊ देतो. हाय कट म्हणजेच लो पास.

जाड ई तारेचा मूळ स्वर ८२.४ हर्ट्झचा. म्हणून त्याखालीच कापायचं, असा हिशेब अनेक जण करतात. पण कान हा स्वर ओळखतो तो मुख्यतः १६५, २४७, ३३० अशा हार्मोनिक्सवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या सुरांवरून). मूळ स्वर बराच दबला तरी मेंदू तो भरून काढतो. १०० हर्ट्झच्या खालची जागा किक ड्रमला आणि बासला हवी असते, बासची ई तार ४१.२ हर्ट्झवर बसलेली असते. गिटार तिथे रेंगाळली की दोन्ही वाद्यं गढूळ होतात आणि गिटारला त्यातून काहीच मिळत नाही.

ड्रम्स आणि बास असलेला ट्रॅक लावा आणि जाड तारेवर पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून) वाजवत राहा. लो कट २० हर्ट्झपासून वर आणा. एका ठिकाणी गिटार अचानक हडकुळी होईल. तिथून १० ते २० हर्ट्झ मागे या. क्लीन (न फाटलेल्या) आवाजाला हा आकडा बहुधा ७० ते ९०, क्रंचला (थोड्या फाटलेल्याला) ८० ते १००, हाय गेनला (खूप फाटलेल्याला) ९० ते १२० असा येतो. ड्रॉप ट्यूनिंग केलं म्हणून तो खाली न्यायचा मोह होतो, पण बँडमध्ये बास असेल तर ८० ते १०० हीच जागा बहुधा योग्य ठरते. एकट्याने वाजवून लो कट ठरवू नका. एकटी गिटार नेहमी जास्त बास मागते.

वरचं टोक

हाय कट २० किलोहर्ट्झवरून खाली उतरवत आणा. पॉवर कॉर्ड वाजत ठेवा. नोट सुटल्यावर मागे जी सर्रसर्र उरते ती नाहीशी झाली की थांबा. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येईनाशी झाली तर जरा वर जा. हाय गेनला ५ ते ७ किलोहर्ट्झ, क्रंचला ६ ते ८, क्लीनला ८ ते १० ही सुरुवातीची जागा.

दुसऱ्याच्या प्रीसेटमधला आकडा आपल्याकडे का चालत नाही, याचं उत्तर उतारात आहे. फिल्टर त्या आकड्यावर भिंत घालत नाही, तिथे तो फक्त ३ डेसिबल खाली आलेला असतो. ५ किलोहर्ट्झचा हाय कट ६ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (वारंवारता दुप्पट होईपर्यंतचं अंतर) उताराचा असेल तर १० किलोहर्ट्झवर साधारण ७ डेसिबलच कमी होतात. १२ चा असेल तर १२, २४ चा असेल तर २४. म्हणजे एका यंत्रावर ‘५ किलोहर्ट्झ’ उघडा वाटतो आणि दुसऱ्यावर दार लावल्यासारखा. मॅन्युअलमध्ये आपल्या यंत्राचा उतार पाहून ठेवा. सौम्य उतार असेल तर आकडा खाली न्यावा लागतो, तीव्र असेल तर वर ठेवावा लागतो.

आणि आवाज अकारण मंद वाटत असेल तर आधी मोजा की हाय कट किती ठिकाणी चालू आहे. कॅब ब्लॉकमध्ये एक, ईक्यू ब्लॉकमध्ये दुसरा, ग्लोबल ईक्यूमध्ये (सगळ्या प्रीसेटना लागू होणाऱ्या) विसरून राहिलेला तिसरा. तिन्ही ६ किलोहर्ट्झवर असतील तर तिथे ३ नव्हे, ९ डेसिबल गेलेले असतात.

शिट्टी पकडणं

दोन्ही टोकं कापली तरी काही आयआरमध्ये ३ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक बारीक शिट्टी उरते. ती ऐकायला सोपी आणि पकडायला अवघड. पॅरामेट्रिक ईक्यूचा एक पट्टा घ्या, क्यू (आकडा जितका मोठा तितका पट्टा अरुंद) ८ ठेवा आणि त्या पट्ट्याचा गेन ८ डेसिबल वाढवा. त्याआधी मॉनिटर हळू करा, नाहीतर कानाचे हाल होतील. जाड तारेवर ई पॉवर कॉर्ड वाजवा आणि तो पट्टा २.५ पासून ६ किलोहर्ट्झपर्यंत दहाएक सेकंद घेत सरकवा.

इथेच फसगत होते. इतका अरुंद पट्टा इतका वर केला की कुठलीही जागा वाईटच वाटते. पाच ठिकाणी शिट्टी सापडते, पाचही कापली जातात, आणि गिटारचा जीव जातो. म्हणून एक पडताळणी करा. संशयित जागेवर थांबा आणि ई, जी, ए अशा तीन कॉर्ड लागोपाठ वाजवा. शिट्टीचा सूर कॉर्डबरोबर बदलला तर तो नोटचाच हार्मोनिक आहे, त्याला हात लावू नका. कॉर्ड बदलूनही सूर तिथेच चिकटून राहिला तर ती स्पीकरची आणि माइकची शिट्टी आहे. गेन +८ वरून −४ वर आणा, क्यू तसाच ठेवा, ब्लॉक चालू-बंद करून ऐका. फरक कळत नसेल तर −६ पर्यंत जा. अशा खाचा एक किंवा दोन, फार तर तीन. त्याहून जास्त लागत असतील तर आयआर बदला.

मधल्या पट्ट्यात काम रुंद आणि हलक्या हाताने करायचं. २०० ते ३५० हर्ट्झमध्ये गढूळपणा असतो, तिथे क्यू १ ठेवून २ ते ३ डेसिबल उतरवले तरी पुरतं. ४०० ते ६०० मध्ये डब्यातून आल्यासारखा आवाज, १ किलोहर्ट्झच्या जवळ नाकात बोलल्यासारखा. पण हाच पट्टा गिटारला मिक्समध्ये ऐकू आणतो. मिड पूर्ण खणून काढलेला प्रीसेट घरी भव्य आणि स्टेजवर बेपत्ता असतो. सोलोसाठी उलट ८०० ते १५०० हर्ट्झमध्ये क्यू ०.७ ने २-३ डेसिबल वाढवा. नुसता व्हॉल्यूम वाढवण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं.

ॲम्पच्या आधी की नंतर

हाय गेनमध्ये पाम म्यूट लिबलिबीत वाटत असेल तर कॅबनंतरचा ईक्यू फारसा उपयोगाचा नाही. डिस्टॉर्शनच्या पायरीवर जाड तारेचा बास सगळ्यात आधी क्लिप होतो आणि बाकीच्या स्वरांनाही आपल्याबरोबर फरफटत नेतो. तिथे झालेला चिखल नंतर फक्त हळू करता येतो, वेगळा काढता येत नाही. म्हणून ॲम्पच्या आधी एक लो कट टाका, १०० ते १५० हर्ट्झवर. किंवा ट्यूब स्क्रीमर (एक ओव्हरड्राइव्ह पेडल) प्रकारचा ब्लॉक लावा, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर. त्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्याला गेन कमी मिळतो, आणि मेटल वाजवणारे तो ओव्हरड्राइव्हपेक्षा याचसाठी वापरतात. नंतर हरवलेला भरीवपणा हवा असेल तर तो ॲम्पच्या नंतर, १२० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल देऊन परत आणता येतो. तो घट्टच राहतो.

ईक्यू आयआरच्या आधी की नंतर, यावर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही रेषीय क्रिया आहेत. मध्ये कंप्रेसर किंवा ड्राइव्ह नसेल तर आवाज तोच येतो. कॅबनंतर सिग्नल स्टीरिओ होत असेल तर आधी लावलेला ईक्यू काही यंत्रांवर प्रोसेसरची थोडी ताकद वाचवतो, इतकंच.

हाय गेन ऱ्हिदमची एक पूर्ण मांडणी अशी बसते: ॲम्पच्या आधी ११० हर्ट्झचा लो कट, ॲम्पचा गेन हवासा वाटतो त्याहून एक अंक कमी, कॅबनंतर ९५ हर्ट्झचा लो कट आणि ६.३ किलोहर्ट्झचा हाय कट, दोन्ही १२ डेसिबल उताराचे, २८० हर्ट्झवर −२.५ डेसिबल क्यू १.२, आणि शिट्टी जिथे सापडेल तिथे एक खाच. शेवटी ईक्यूची आउटपुट पातळी १-२ डेसिबल वाढवा. ही पायरी गाळू नका. कापल्यामुळे एकूण आवाज थोडा उतरतो, आणि कान नेहमी मोठ्या आवाजाला चांगला म्हणतो. पातळी जुळवली नाही तर बायपास केलेला (ईक्यू बंद ठेवलेला) आवाजच दरवेळी जिंकतो, आणि तासाभराची मेहनत पुसली जाते.

हॉलमधला घुमारा प्रीसेटमध्ये दुरुस्त करू नका. त्यासाठी ग्लोबल ईक्यू आहे. पोकळ स्टेजवर १०० ते १६० हर्ट्झ घुमतात, तिथे ३-४ डेसिबल कमी करा आणि कार्यक्रम संपला की ग्लोबल ईक्यू सपाट करा. मात्र साउंड इंजिनिअरकडे जाणारी लाइन आणि तुमचा मॉनिटर वेगवेगळ्या आउटपुटवर असतील, तर ग्लोबल ईक्यू कोणकोणत्या आउटपुटवर लागतो ते आधी पाहा. नाहीतर स्टेजवरचा घुमारा तुम्ही कमी कराल आणि प्रेक्षकांकडची गिटार हडकुळी होईल.

एक दोष कुठल्याच फिल्टरला दाद देत नाही. पहिल्या तारेवर वरच्या फ्रेट्सवर, भरपूर गेनमध्ये सावकाश बेंड वाजवा आणि नीट ऐका. नोट वर चढत असताना मागे एखादा क्षीण सूर खाली उतरताना ऐकू आला तर ते एलियासिंग (डिजिटल प्रक्रियेत तयार होणारे खोटे सूर) आहे. ते गिटारच्या स्वरांमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे हाय कट कितीही खाली नेला तरी राहतंच. सेटिंगमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा पर्याय असेल तर तो वाढवा, नसेल तर गेन उतरवा.