टेबलाभोवती खेळणारे चारच बसवा

इंदुरात रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ, मांडला की माणसं कमी पडत नाहीत, जास्तच होतात. रामबागेत आमच्याकडे रविवारी दुपारी टेबल लागतं. मावसभाऊ येतो, सोबत मित्राला घेऊन येतो आणि 'मी नुसता बघत बसेन' म्हणणाराही तासाभरात फासा मागतो. नव्याने जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) होणाऱ्यांना माझं ठाम सांगणं आहे: खेळणारे चार, पाचवे तुम्ही. तीन चालतात, पाच निभावता येतात. सहाव्याला पुढच्या रविवारी बोलवा.

जरा हिशेब करा. लढाईत एकाच्या पाळीला दोन मिनिटं धरा, राक्षसांना मिळून दोन. चार खेळाडू असतील तर आपली पाळी संपल्यावर पुन्हा यायला आठ मिनिटं लागतात. सात असतील तर बारा मिनिटं बाकीच्यांची. शिवाय सात जणांपुढे एकटा राक्षस हलायच्या आत मरतो, म्हणून तुम्ही राक्षस वाढवता, त्यांची चार मिनिटं. झाली सोळा! डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेममध्ये लढाईची एक फेरी म्हणजे कथेतले सहा सेकंद. सहा सेकंदांसाठी पाव तास बसलेला माणूस मोबाइल काढणारच, त्याला दोष देऊ नका. त्याच्या जीएमसाठीच्या पुस्तकातलं, 2014च्या डंजन मास्टर्स गाइडमधलं, लढतीचं गणितही तीन ते पाच पात्रं धरूनच मांडलंय.

कुणी म्हणेल, 1974च्या पहिल्या डीअँडडीत तिचे निर्माते गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी चार ते पन्नास खेळाडू लिहिलेत. लिहिलेत खरे, पण ते अख्ख्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या मोठ्या गोष्टीसाठी. जुन्या मोठ्या गटांत एक 'कॉलर' असायचा, तोच सगळ्यांच्या वतीने जीएमशी बोलायचा. घरच्या टेबलावर मला ते नको वाटतं, कारण बोलतो तोच खेळतो.

तीनऐवजी चार का? परीक्षा, लग्न, पाहुणे, काहीतरी निघतंच. चारातला एक गळला तरी तिघांत खेळ उभा राहतो. तिघं आले तरी खेळायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आता रंगत. गप्प बसणाऱ्याला 'तू काय करतोस?' असं विचारलं की तो आणखी आक्रसतो. त्याला प्रश्न नको, माहिती द्या, तीही फक्त त्यालाच. माझी खेळातली गोष्ट मांडूच्या किल्ल्यात घडते. जहाज महालाच्या एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. एकदा दोघं पोरं दार फोडायचं की भिंत चढायची यावर हातघाईला आली होती. माझी वहिनी चोराचं पात्र खेळते. ती शांतपणे फासे रचत बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, तुला कपूर तलावात पाण्याखाली दिवा हलताना दिसतोय. बाकी कुणाला दिसत नाही." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मी कुणाला सांगत नाही. दिवा कुठे जातो ते बघते." भांडण जागच्या जागी थांबलं. पुढचा सगळा वेळ टेबल तिच्यामागे होतं. एका सेशनमध्ये प्रत्येकाला अशी एक तरी गोष्ट मिळेल, हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. चार जणांसाठी ते जमतं, सातांसाठी नाही.

लढाईत 'आता दादा, मग वहिनी' असं पुकारत राहा, म्हणजे पुढचा तयार बसतो. पोहे मात्र मधल्या सुट्टीतच. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचे पिवळे डाग पात्राच्या कागदावरून जात नाहीत आणि हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) नेमके त्याखालीच असतात.

आणि तरी आठ जण हौशी असतील तर? कुणालाच तोडू नका. बेन रॉबिन्स यांची वेस्ट मार्चेस पद्धत घ्या: जग एक, खेळाडू पुष्कळ, दर वेळी मोहिमेवर निघतात ते मोजकेच. नियम एकच कडक पाळा, सेशन संपेपर्यंत सगळे मुक्कामी परतलेच पाहिजेत, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरे चार जण कुठून निघणार? काय सापडलं, कुठला जिना खचलेला आहे, हे त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं. लिहिण्याचं काम खेळाडूंपैकीच एकाला द्या, तुम्ही लिहू नका. त्याने चुकीचं लिहिलं तरी दुरुस्त करू नका, पुढचे चौघं त्याच माहितीवर निघू देत.