बोगद्याच्या कामातल्या या चुका टाळा

कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्ग झालाच तर सह्याद्रीतून बोगदे काढावे लागणार. गगनबावड्याकडचा डोंगर बघा: वर जांभा, खाली काळा पत्थर आणि मध्येच तांबड्या मातीसारखा थर. दगड कसाही असो, अपघात झाला की अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळं व्हायची सवय सगळीकडे सारखीच. दहाव्या तासाला, आवाजात आणि धुळीत माणूस चुकणारच. ती चूक अडवायला दुसरं काय होतं, ते तपासा.

सगळ्यात घातक जागा म्हणजे शिफ्ट बदलायची वेळ. रात्रपाळीचा ब्लास्टर, म्हणजे सुरुंग उडवणारा, ‘वरच्या कोपऱ्यात एक राहिलंय’ असं जाता जाता सांगतो. ऐकतो सुपरवायझर, ड्रिल चालवतो तिसराच. मग ड्रिल जुन्या सॉकेटमध्ये, म्हणजे ब्लास्टनंतर उरलेल्या भोकाच्या बुडात, घुसतं आणि आत न फुटलेली स्फोटकाची कांडी असते. सॉकेट रिकामं दिसलं तरी त्यात पुन्हा ड्रिल करायचं नाही, लाकडी खुंटी ठोकून रंगानं खूण करायची. फेसच्या, म्हणजे खोदाई चालू असलेल्या समोरच्या दगडी भिंतीच्या, आकृतीवर दोन्ही शिफ्टच्या सह्या फेससमोर उभं राहूनच घ्या, ऑफिसात चहा घेताना नको.

मिसफायर, म्हणजे न उडालेला सुरुंग, मोकळा करायला परवानाधारक ब्लास्टरच्या देखरेखीखाली समांतर भोक घेतात, किमान 30 सेंटिमीटर अंतर ठेवून. इथं घोटाळा होतो तो कोनाचा. 3 मीटरच्या भोकात ड्रिल 5 अंश कललं तर टोक सुमारे 26 सेंटिमीटर सरकतं, म्हणजे भोकाच्या तोंडाशी मोजलेलं अंतर आत जवळजवळ संपलेलं असतं. मलबा उचलतानाही कांडी आणि डेटोनेटरवर लक्ष हवं.

धूर विरला म्हणजे हवा चांगली झाली, हा दुसरा गैरसमज. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली किंवा कार्बन मोनॉक्साइड 50 पीपीएमच्या (दहा लाखांत 50 भाग) वर असेल तर आत जायचं नाही. आकडा या मर्यादेत येत नसेल तर आधी पंख्याची डक्ट फाटली आहे का, फेसपासून फार मागे राहिली आहे का, ते बघा.

सुटे दगड पाडायच्या आधी छत पाण्यानं धुवा, नाहीतर धुळीखाली भेगा दिसत नाहीत. पहारीनं ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर दगड घट्ट, भद्द वाजलं तर सुटलेला. पाडलेल्या, सुरक्षित छताखाली उभं राहून पुढे सरकायचं, उलटं नाही. तांबडा थर दिसला की सकाळपर्यंत थांबू नका. ओल लागली की तो फुगतो, सुटतो. लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबानं फवारायचं काँक्रीट, मारा, नोझल पृष्ठभागाला काटकोनात आणि 1 ते 1.5 मीटरवर. पाणी ठिबकत असेल तर आधी पाइप घालून वाट काढा, नाहीतर शॉटक्रीट चिकटतच नाही.

2023 साली उत्तराखंडात सिल्क्याराच्या बोगद्यात 41 कामगार 12 ते 28 नोव्हेंबर अडकले होते. अशा वेळी आत नेमके किती आणि कोण, हे बोगद्याच्या तोंडावरच्या, कामगारांच्या बिल्ल्यांच्या फळ्यावरून कळलं पाहिजे. ब्लास्टच्या आधीही तोच फळा बघायचा. एक बिल्ला जरी परत आला नसेल तर फायर नाही, भले साहेब बाहेर घड्याळ बघत उभे असोत.