सोलापुरात घर बांधताना आर्किटेक्टशी काय ठरवून घ्यावं

नकाशा काढून महापालिकेची परवानगी आणून दिली की आर्किटेक्टचं काम संपलं, असं धरून चालाल तर फसाल. खरी गरज पुढे, साइटवर असते.

आधी वास्तुविशारद परिषदेकडचा नोंदणी क्रमांक तपासा. 1972 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. सळईचा हिशेब मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच.

करारात साइटभेटी टप्प्यानिशी लिहून घ्या: आखणी, जोतं, स्लॅब भरण्याआधी, प्लास्टरआधी. स्लॅबची भेट कधीच सोडू नका. सळईखाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, हवेत. घाईत मिस्त्री खडीचा तुकडा सरकवतो, तो पाय पडताच निसटतो, सळई शटरिंगला (काँक्रीटच्या साच्याला) टेकते. मग काही वर्षांत गंज धरून छताचे पोपडे पडतात. असं दिसलं तर काँक्रीट थांबवा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! पश्चिमेच्या खिडकीवर नुसता छज्जा पुरत नाही, कारण दुपारनंतर ऊन तिरपं आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी मागा, आणि ती नकाशातच दाखवून घ्या.

भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला महापालिकेची परवानगी) हातात येईपर्यंत फीचा शेवटचा हप्ता राखून ठेवा.