जुनाट प्रोस्टेटदाह: दाहसूचक तपासण्या कशा वापराव्यात

सिन्नर-दिंडोरीकडून नाशिकला आलेल्या, ओटीपोटात आणि वृषणांमागे ३ महिन्यांहून अधिक काळ दुखत असलेल्या रुग्णाच्या हातात पुष्कळदा पीएसएचा (प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा) अहवाल असतो. परंतु दाहानेही पीएसए वाढत असल्याने केवळ त्या आकड्यावरून निदान करू नये.

ताप, थंडी किंवा लघवी तुंबणे असल्यास तीव्र जंतुसंसर्गाची शक्यता धरून प्रोस्टेटचा मसाज (गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबणे) टाळावा, कारण त्याने जंतू रक्तात जाऊ शकतात. एरवी मसाजपूर्वीची मध्यधारेची (सुरुवातीची धार सोडून मधली) लघवी आणि मसाजनंतरची पहिली सुमारे १० मिलिलिटर लघवी वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत घेऊन, त्यांवर नाव व क्रम लिहून, दोन्ही नमुने पेशी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याच्या) तपासणीसाठी लगेच लॅबमध्ये पोहोचवावेत. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यातल्या पेशी मोजण्यात काही अर्थ नाही. पीएसएसाठी रक्त मसाजपूर्वीच घ्यावे.

कल्चर निगेटिव्ह असून दुसऱ्या नमुन्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्यास एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) वर्गीकरणातील ३अ म्हणजे दाहयुक्त गट, नसल्यास ३ब म्हणजे दाह न दिसणारा गट. मात्र पेशींची संख्या आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसतोच असे नाही, म्हणून ३ब गटातील रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणे अन्यायाचे ठरते. वीर्यातील इंटरल्यूकिन-८ हे दाहसूचक प्रथिन वाढलेले आढळते खरे, पण त्याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नसल्याने रुग्णाला त्या तपासणीचा खर्च सहसा करायला लावू नये.